एक नंबरचा खोका

आमच्या गल्लीत कुणाची बदली झाली, कुणाला परगावी नोकरी लागली, की माणसं टेम्पोवाल्याला नंतर फोन करतात, आधी सुकन्याला हाक मारतात. लातुरात गंजगोलाईच्या मागं आमची गल्ली. गेल्या तीन वर्षांत तिथून अकरा बिऱ्हाडं हलली आणि अकराही सुकन्यानं बांधली. बारावं माझं. माझा मुलगा श्रीशैल, त्याला नांदेडला एका रक्तपेढीत नवी नोकरी लागली. तो आणि सून घर लावायला पुढं जाणार, आणि मागं चाळीस वर्षांचा संसार आवरायला राहणार मी, गुडघे गेलेली महानंदा. श्रीशैल म्हणाला, "आई, सुकन्यावहिनीला सांगू का?" मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस काढले. का काढले, तेच सांगायला बसले आहे.

सुकन्या घर बांधते म्हणजे कसं, ते आधी ऐका. पहिल्या दिवशी ती कशालाच हात लावत नाही. वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते आणि न्यायचं काय, वाटायचं काय, टाकायचं काय ते विचारून लिहून घेते. माणसं खोटं बोलतात, फुटकी बादलीसुद्धा न्यायची म्हणतात. ती वाद घालत नाही, नुसती पेन्सिल धरून आपल्याकडं बघत राहते, मग आपणच म्हणतो, राहू दे बाई. पलंग सोडला की त्याचे नट-बोल्ट जुन्या मोज्यात घालून तो मोजा पलंगाच्याच पायाला बांधते. आरसा दोन गोधड्यांच्या मध्ये. लोणच्याची बरणी टेम्पोत नाही, माणसाच्या मांडीवर. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि नंबराशेजारी आत काय आहे त्याचं चित्र. हमालाला वाचता येईलच असं नाही, आणि येत असलं तरी तो वाचत नाही.

सगळ्यात शेवटी भरायचा तो एक नंबरचा खोका. नव्या घरात पाऊल टाकल्यावर पहिल्या तासात जे लागतं तेवढंच त्यात. काडेपेटी, चहापत्ती, साखर, दुधाची पावडर, पातेलं, गाळणी, घरात माणसं असतील तेवढे कप, चाकू, दोरी, एक बल्ब, साबण, पंचा, विभूतीची डबी. हा खोका टेम्पोत सगळ्यांच्या नंतर चढतो आणि सगळ्यांच्या आधी उतरतो. "बाकी सगळं आठ दिवस बांधलेलं राहिलं तरी चालतं काकू," ती म्हणते, "पण पहिला चहा आपल्या हातचा झाला की ते घर आपलं होतं."

स्वतःचं घर मात्र सुकन्यानं एकदाच बांधलं होतं. टेम्पो भरून दारात उभा होता. ती गेली नाही. तिला जाऊ दिलं नाही, आणि जाऊ न देणाऱ्यांत मी होते.

ती आमच्या गल्लीत आली ती गुरम्माची सून म्हणून. गुरम्मा माझी तीस वर्षांची मैत्रीण. भिंतीला भिंत लागून घर, ताकापासून तिखटापर्यंत सगळ्याची देवाणघेवाण. तिचा एकुलता एक वीरेश कापडाच्या दुकानात कामाला, आईला विचारल्याशिवाय दाढीसुद्धा न करणारा. सुकन्याचं माहेर हिमायतनगरचं, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. बी.ए., बी.एड. होऊन आलेली. आल्यापासून परीक्षा देत होती. दिवसभर घर ओढायचं आणि दुपारी सासू झोपली की जिन्यात बसून पुस्तक वाचायचं. गुरम्मा मला सांगायची, "वाचून वाचून डोळे चालले, नोकरी काय येत न्हाई." दोघी हसायचो आम्ही. पोरगी अक्षरा झाली, सात वर्षांची झाली, तरी हिचं जिन्यात बसणं चालूच.

आणि मग नोकरी आली. किनवटला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. राहायला दोन खोल्या, पोरीला तिथंच शाळा, आणि माहेर तासाच्या वाटेवर. ती प्रतीक्षा यादीत होती, वरचं कुणी तरी आलं नाही म्हणून हिचं नाव लागलं. वयाची अट त्याच वर्षी संपत होती, म्हणजे पुन्हा संधी नव्हती. पत्रात तारीख दिली होती. त्या तारखेला कार्यालय बंद व्हायच्या आत रुजू व्हायचं, नाही तर नेमणूक रद्द. पत्र आलं तेव्हा हातात सतरा दिवस होते. ती पत्र घेऊन माझ्याकडं धावत आली, मला खाली वाकून नमस्कार केला आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

गुरम्मानं गल्लीत पेढे वाटले. वीरेश म्हणाला, "हाव, जाऊ की. किनवटला काय दुकानं न्हाईत का, मिळंल मला बी काही." सुकन्यानं त्याच दिवशी वही उघडली. घर हलवायचं तर सतरा दिवसांचं काम सतरा ओळींत लिहिलं. कुठल्या दिवशी गॅसची बदली, कुठल्या दिवशी पोरीचा शाळेचा दाखला, कुठल्या दिवशी खोकी आणायची. खाजामियाँचा टेम्पो ठरवला. खाजामियाँ आमच्या भागातलाच, साठीचा माणूस, आयुष्यभर लोकांचे संसार वाहिलेला. त्यानं तिला रस्ता सांगितला, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट. सात तास, चहापाणी धरून साडेसात. तिनं तेही लिहून घेतलं.

खरं तर ती आठ दिवसांतच जाऊ शकत होती. गुरम्मानं जाऊ दिलं नाही, आणि तेही गोड बोलून. आधी म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, मठाचे स्वामी गावाला गेलेत, त्यांचा पाय घराला लागल्याशिवाय बिऱ्हाड कसं हलवायचं. मग दाखल्यावर सही करणाऱ्या बाई रजेवर. असं करत तारखेच्या आदल्या दिवशी आली येळवस.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळायचं नाही. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, गावातली सगळी माणसं शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, कुणी उपाशी राहत नाही. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, मडकंभर आंबील. अंधार पडायला लागला की पेटती पेंढी घेऊन शेताभोवती फेरी मारायची आणि घरी यायचं. आजारी माणसालासुद्धा गाडीत घालून नेतात. गुरम्माला शेत नाही, ती दरवर्षी माझ्या शेतात यायची, औशाच्या रस्त्याला.

गुरम्मा सुनेला म्हणाली, "येळवशीच्या दिवशी सामान हलवू नये माय. दुसऱ्या दिवशी पहाटं निघा. सात तास तर लागतेत, दुपारी पोचताव." हे सुकन्यानं मानलं. अमावस्येला सामान घराबाहेर काढायचं नाही, हे तिच्याही माहेरी पाळत होते. पुढं गुरम्मा म्हणाली, "आणि तू काय शेतात येऊ नको. घरातली बांधाबांध उरक. पोरगी तेवढी आम्ही नेताव, तुझ्यासाठी डबा आणताव." सुकन्या मला सांगायला आली. तिचे डोळे भरले होते. "काकू, सासूबाईंनी पहिल्यांदा मला मोकळीक दिली बघा."

लातूरची सून असती तर तिथंच दचकली असती. येळवशीला सुनेला घरी राहा म्हणणारी सासू लातुरात नसते. वैरीण असली तरी म्हणत नाही. पण हिमायतनगरच्या पोरीला दहा वर्षं झाली तरी त्या दिवसाचं वजन कळलं नव्हतं. तिला ती माया वाटली. ती माया नाही, हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी गुरम्मा माझ्या पायरीवर बसून सगळं बोलून गेली होती.

"सून गेली की पोरगा जातो, पोरगा गेला की मी भिंतीशी बोलू का?" गुरम्मा म्हणाली. "मारीत न्हाई, कोंडीत न्हाई. पोरगी एक दिवस निलंग्याला माझ्या लेकीकडं राहील. आई पोरगी टाकून जात न्हाई. तारीख निघून जाईल, मग समदं पहिल्यासारखं. तू फकस्त गप राहा." तिनं माझा हात धरून शपथ घातली.

शपथेमुळं मी गप्प राहिले असं स्वतःला सांगता आलं असतं, पण आता वयाला शोभत नाही. मी गप्प राहिले कारण मला ते बरं वाटलं. दहावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. सोलापूरचा फॉर्म आणला होता. माझ्या सासूनं तो माझ्यासमोर चुलीत घातला आणि वर म्हणाली, बरा पेटला. मी गिळलं. चाळीस वर्षं गिळलं. मग हिनं का गिळू नये? ही कोण लागून गेली? एवढाच माझा विचार होता. दुष्ट होता, पण माझा होता, दुसऱ्या कुणी शिकवला नव्हता.

येळवशीच्या दिवशी जेवणं झाली आणि बाराच्या सुमाराला गुरम्माचा जावई मोटारसायकल घेऊन शेतात आला. अक्षरा हरभऱ्यात खेळत होती. "चल, आत्याकडं जाऊ, नवीन फ्रॉक घेऊ," म्हणाला. पोरगी एका पायावर तयार. "आईला सांगितलं का?" एवढंच तिनं विचारलं. वीरेश दुसरीकडं बघत होता. मी म्हणाले, "आईला मी सांगते." आणि नुसतं एवढंच केलं नाही. पोरीला आंबील आवडते म्हणून माझ्या कडीच्या डब्यात भरून दिली, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात दिला. लग्नातला डबा. झाकणावर नाव ठोकलेलं, सौ. महानंदा शंकरप्पा. पोरगी मागं बसली, मला हात हलवला आणि गेली.

चार वाजता सुकन्याचा फोन आला. सासू उचलत नव्हती, नवरा उचलत नव्हता, म्हणून माझ्याकडं. "काकू, अक्षराला द्या ना जरा. तिचा स्वेटर कुठं ठेवला ते विचारायचंय."

"आता कुठं मिळते ती," मी म्हणाले, "हरभऱ्यात पळून राहिली, हाताला लागत न्हाई. दोन वाट्या आंबील प्यायली. लई खुश हाय."

"ऊन लागू देऊ नका."

"न्हाई लागू देत."

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. मी हरभरा घातला, दोन वाट्या घातल्या. तो फोन मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे.

दिवेलागणीला माणसं पोरीशिवाय घरी आली. सुकन्या दारातच उभी होती, हातात पोरीचा स्वेटर. "आत्या भेटायला आली होती शेतात, पोरगी हट्ट धरून तिच्यासंगं गेली," गुरम्मा म्हणाली. "पहाटं पाचला आणून सोडतेत." सुकन्या म्हणाली, मी आत्ता जाते निलंग्याला. वीरेश म्हणाला, तू थांब, मी जातो. तो गेला आणि एकटाच परत आला. म्हणे पोरगी झोपली होती, उठवलं नाही. मी माझ्या खिडकीतून सगळं ऐकत होते. खिडकी लावून घ्यावी असं एकदाही मनात आलं नाही.

पहाटे पाचला खाजामियाँ टेम्पो घेऊन आला. सहाला भरून झाला. नंबर, चित्रं, मोजे, सगळं तिच्या वहीप्रमाणं. एक नंबरचा खोका पायरीवर ठेवला होता, शेवटी चढवायचा म्हणून. त्यात कप तीन. सहा वाजता निलंग्याहून फोन आला, निघतोय. सात वाजता, पोरगी दूध पिऊन राहिली, आता निघतोच. आठ वाजता, गाडी पंक्चर झाली. दर वेळी गुरम्मा फोन घ्यायची आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून सांगायची, "आले, आले, औशापर्यंत आले." गल्ली सगळी दारात उभी. सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं. येळवशीच्या शेतात अशा गोष्टी लपत नाहीत. कुणी बोललं नाही. कुणी कुणी तिला चहा आणून दिला.

सव्वाआठला खाजामियाँ म्हणाला, "बेटी, आपण निलंग्याहून पोरीला घेऊन जाऊ. फेरा पडंल, पण मी दाबतो गाडी."

"चुकामूक हुईल," गुरम्मा म्हणाली. "रस्त्यात हायेत ते."

सुकन्यानं किनवटला फोन लावला, एक दिवसाची मुदत मागितली. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की आदेशात तारीख लिहिली आहे आणि यादीत पुढची नावं आहेत.

"साडेनऊ झाले," खाजामियाँ म्हणाला. "धा वाजल्यावर निघालो तर हापिसाचं कुलूप बघून परत यावं लागंल. तू चल. सही कर. पोरगी तिच्या बापाच्या घरात हाय, कुठं जात न्हाई. मी सोता परवा येऊन तिला पोचवतो, खुदा की कसम."

आख्ख्या गल्लीत तो एकटा माणूस खरं बोलला. आणि तिला ते पटलं. तिनं पायरीवरचा एक नंबरचा खोका उचलला, केबिनमध्ये ठेवला, वर चढून बसली आणि दार ओढून घेतलं. खाजामियाँनं गाडी चालू केली. मला अजून आठवतं, तेव्हा माझ्या छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं. जा बाई, असं मी मनात म्हणाले. मनात. तोंडानं एक शब्द काढला असता, पोरगी ठणठणीत आहे, त्यांनी लपवलीय, तू जा, तर ती गेली असती. तोंड माझं होतं, शब्द माझ्याजवळ होते.

गुरम्मा केबिनच्या खिडकीशी गेली आणि फोन तिच्या कानाला लावला. नणंद बोलत होती. स्पीकर चालू होता. "वहिनी, पोरगी तापानं फणफणलीय. आई आई करून राहिली. दवाखान्यात न्यायलाव. तुम्ही जायलाव का? काय सांगू तिला?"

सुकन्या खाली उतरली. उतरताना तिचा पाय अडकला आणि ती गुडघ्यावर पडली. उठवायला मीच पुढं झाले. खाजामियाँनं गाडी बंद केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला आणि गुरम्माकडं बघून मान हलवली. तो नंतर गुरम्माच्या दारावरून कधी गेला नाही, पलीकडच्या गल्लीतून वळसा घेतो.

ती निलंग्याच्या बसला निघाली तर वीरेशनं अडवलं. म्हणाला, तिला इकडंच आणून राहिले, लातूरच्या दवाखान्यात दाखवू. ती दारात बसून राहिली. बारा वाजले, तीन वाजले, पाच वाजले. दुपारीच हमालांनी सामान उतरवून घरात टाकलं होतं. कार्यालय बंद व्हायची वेळ टळली. आणि साडेसहाला, अगदी साडेसहाला, मोटारसायकल गल्लीत वळली.

अक्षरा मागून उडी मारून उतरली. अंगात नवा पिवळा फ्रॉक, खांद्याला पिशवी. सुकन्यानं तिला पोटाशी धरलं, कपाळाला हात लावला, मानेला लावला, मग पुन्हा कपाळाला. पोरीचं अंग गार होतं.

"ताप होता का गं तुला?"

"न्हाई तर," पोरगी म्हणाली. "आत्यानं पाणीपुरी चारली."

गल्लीत कुणी तरी फिस्सकन हसलं. मी नव्हते, पण त्यानं काय फरक पडतो? सुकन्यानं पोरीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ओरडली असती, सासूच्या झिंज्या धरल्या असत्या, तर आम्हा सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती पोरीला घेऊन आत गेली. थोड्या वेळानं गुरम्माचा आवाज आला, "चहा टाक गं, डोकं चढलंय." सगळं बांधलेलं होतं. चहाचं सामान फक्त एका खोक्यात होतं. तो तिनं उघडला. किनवटच्या पहिल्या तासासाठी भरलेल्या पातेल्यात चहा केला, कप तीनच होते, ते सासूला, नवऱ्याला आणि नणंदेच्या नवऱ्याला दिले. गुरम्मा मला भिंतीपलीकडून म्हणाली, "महानंदा, तू बी ये, चहा चांगला झालाय." मी गेले. माझ्यासाठी तिनं पेल्यात ओतला. मी प्यायले.

पुढं चार महिन्यांनी गल्लीतल्या एका बँकवाल्याची बदली झाली. त्याच्या बायकोला सुकन्याची ती नंबरांची खोकी आठवली. ती विचारायला गेली आणि सुकन्या वही घेऊन आली. तिथून सुरू झालं. गुरम्मा अडवत नाही, कारण बांधायला गेलेली सून संध्याकाळी परत येते.

माझा तो कडीचा डबा परत आला नाही. निलंग्याला राहिला असेल म्हणून मी सोडून दिला. मागायचा कुणाला? सुकन्याला कळलं तर ती विचारणार, तुमचा डबा निलंग्याला गेला कसा, काकू? तिला माझं कळलेलं नाही, याच आधारावर मी तीन वर्षं तिच्या नजरेला नजर दिली. ती माझ्याशी तशीच वागायची. माझ्या गुडघ्याला तेल आणून द्यायची. येळवशीला मात्र ती माझ्या शेतात कधी आली नाही. घरी काम आहे म्हणायची.

तर दोन दिवसांनी मी श्रीशैलला हो म्हटलं आणि ती आली. पाच दिवस येत होती. माझ्या साड्या तिनं घडी करून लावल्या, शंकरप्पांचा फोटो स्वतःच्या ओढणीत गुंडाळला. चौथ्या दिवशी माझ्या अगदी ओठावर आलं. ती खाली बसून खोक्यावर तव्याचं चित्र काढत होती. मी म्हणाले, "सुकन्या, त्या येळवशीला..." तिनं मान वर केली नाही. "काकू, ते जुनं भांडी घासायचं टोपलं टाकायचं ना?" म्हणाली. "टाक," मी म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं, काय सांगू.

निघायच्या दिवशी खाजामियाँच गल्लीच्या दुसऱ्या टोकानं टेम्पो घेऊन आला. एक नंबरचा खोका तिनं मला भरू दिला नाही, बघूही दिला नाही. चिकटपट्टी लावून केबिनमध्ये माझ्या पायाशी ठेवला. "पोचल्यावर आधी हा," म्हणाली. अक्षरा दहा वर्षांची झालीय, तिनं माझ्या पाया पडून आशीर्वाद घेतला. गुरम्मा दारात बसून रडत होती. सुकन्या रडली नाही. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत उभी होती.

नांदेडच्या घरात दुपारी पोचलो. सून म्हणाली, आई, चहा टाकते. मी खोक्याची पट्टी काढली. काडेपेटी, चहापत्ती, साखर, पातेलं, गाळणी, कप तीन, बल्ब, दोरी, विभूतीची डबी. सगळ्यांच्या खाली, पंच्यात गुंडाळलेला, माझा कडीचा डबा. घासून लख्ख केलेला. झाकणावर माझं नाव.

पोरीच्या पिशवीत आला असणार तो, त्याच संध्याकाळी. म्हणजे तिनं माझ्यासाठी पेल्यात चहा ओतला तेव्हा तिला ठाऊक होतं. गुडघ्याला तेल आणलं तेव्हा ठाऊक होतं. तीन वर्षं मी तिला फसवतेय असं मला वाटत होतं आणि ती मला बघत होती.

सून म्हणाली, "किती छान जुना डबा. कुणाचा?"

"माझाच," मी म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुकन्या होती.

"पोचलात का काकू?"

"हाव."

"एक नंबरचा उघडला?"

"उघडला."

"सगळं मिळालं ना? काही राहिलं तर न्हाई?"

आत्ता तरी म्हणावं, माफ कर पोरी. शब्द होते, तोंड होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "समदं मिळालं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सुनेनं चहा आणला. तो प्यायचा राहिला आणि तसाच गार झाला.